दादाने पाहिलेली सूर्याची कड

सूर्याने माझ्या भावाचा डोळा खाल्ला होता.

तो भाऊ, माझा दादा, जाऊन आज वर्ष झालं.

लहानपणी आम्ही रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहायचो. एकदा सूर्यग्रहण लागलं. घरच्यांना चुकवून दादा छतावर गेला आणि उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघत बसला.
उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं कायमचं गेलं.

त्याला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. मेडिकलमध्ये फेल झाला. मग त्याच रेल्वेच्या ऑफिसात फायली हलवत रिटायर झाला.

लग्न त्याने केलं नाही. माझं टिकलं नाही. चौबे कॉलोनीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच.

तक्रार नव्हती त्याची. फक्त म्हणायचा, एकदा सूर्य नीट पाहायचा आहे.

मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही दक्षिणेत गेलो. तिथे डोंगरावर इंग्रजांच्या काळातली, सूर्याचा अभ्यास करणारी वेधशाळा आहे.

अंधाऱ्या खोलीत, आरशांनी आत आणलेला सूर्य पांढऱ्या कागदावर पडला होता. ताटाएवढा. त्यावर दोन काळे डाग.

तिथल्या तरुण संशोधक मॅडम सांगत होत्या, आभाळ मोकळं असेल त्या प्रत्येक दिवशी इथे सूर्याचा फोटो काढतात. पार पणजोबांच्या पिढीपासून. डाग कधी वाढतात, कधी सरतात, ते त्या जुन्या काचेच्या प्लेट्सवरून शोधतात.

दादा मात्र चांगला डोळा तळहाताने झाकून उभा होता.

काय दिसतंय, असं त्यांनी हिंदीतून विचारलं.

“बीच का कुछ नहीं दिखता. बस किनारा.”

मी ग्रहणाचं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, “अंकल, सूरज के किनारे की लपटें देखनी हों, तो हम भी बीच का हिस्सा ढँक देते हैं. नहीं तो वो दिखती ही नहीं.”

त्यांनी तसा एक जुना फोटो दाखवला. मध्ये काळी चकती. कडेने ज्वाला.

दादा तो फोटो हातातून सोडेना.

बाहेर आल्यावर म्हणाला, “छोटी, मले वाटे माह्या डोळा वायाच गेला. हे लोक तं मुद्दाम झाकून पाहून राहिले.”

रायपूर येईपर्यंत गाडीत तो बोलत होता. एवढं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात एका दुपारी त्याने चहा मागितला. मी गाळून आणेपर्यंत गेला.
हार्ट.

आज वर्षश्राद्ध झालं. शेजारचे जेवून गेले. सगळ्यांशी मी हिंदीत बोलले.
आपल्या बोलीत बोलायला या शहरात माझं असं कोणीच उरलं नाही.

म्हणून इथे लिहून राहिली.

दादा, तुझ्या छोटीचा नमस्कार.