काकूनं बंद केलेल्या पायऱ्या

आमच्या गावचा, रामाकोन्याकडचा किसना कामाच्या शोधात इथं भिलाईला आला, तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "वच्छलाकाकू गेली बाप्पा... अन् आता विहिरीच्या पायऱ्या उघडू म्हणून राहिले लोक." आधी दुःख व्हायला हवं होतं. पण मला धडकी भरली ती पायऱ्यांची.

काकू आमच्या शेजारची. मी चौथीत असताना पायात नारू झाला. दोऱ्यासारखा किडा घोट्यातून बाहेर निघू लागला. काकू रोज येऊन तो काडीवर थोडाथोडा गुंडाळायची. "ओढू नको रे, तुटला तं पाय जाईन!" पाय वाचला, शाळा तेवढी सुटली. देवी टोचायला आलेल्या माणसानं तिला सांगितलं होतं, की नारूवाले पायऱ्या उतरून विहिरीत पाय बुडवतात, नि तेच पाणी सारं गाव पितं. तेव्हापासून तिचा एकच ध्यास... पायऱ्यांपुढं भिंत घालायची, पाणी वरून दोरानं शेंदायचं.

तेव्हा राज्यं नव्यानं आखली जात होती. अर्ज नागपूरला नेला तर म्हणाले, तुमचा मुलूख आता आमच्याकडं नाही. छिंदवाड्याला म्हणाले, कागद यायचेत. काकू म्हणाली, "राज्य कोनीकडंही जावो, विहीर तं इथंच हाय ना?" आणि बायांना घेऊन बांधावरचे दगड वाहू लागली. पाटील आडवे आले. "बाळंतीण विहीर पुजाले आली तं तिनं पाण्यात पाय कुठं लावावा, वच्छला?"

"वरूनच पुजावं, भाऊजी. देवाले वरचं दिसत नाही काय?"

बाया हसल्या, पाटील गेले, भिंत उभी राहिली. माझ्या धाकट्या बहिणीला नारू झाला नाही, तिची शाळा सुटली नाही. हे उपकार मी कुठं ठेवू? गावाला राग आला तर येवो, मी लिहितोच: ती भिंत मला देवळाच्या ठिकाणी आहे.

"फोडली काय भिंत?" मी भीतभीतच किसनाला विचारलं.

"सब्बल घेऊन गेले होते ना. पन काकूची सून, सव्वा महिन्याची बाळंतीण, हळदकुंकू घेऊन भिंतीवरच बसली. म्हने, माही पूजा हाय, सरा. पूजा झाली तरी उठेना."

"मंग?"

"मंग त्यायलेच म्हने, रिकामे उभे आहा तं दोर ओढा, माही घागर भरून द्या." किसना हसला. "देली ना भरून."