मोठेबाबांनी केलेला माझा पंचनामा

आमच्या मोठेबाबांनी ज्याचा पंचनामा केला नाही अशी वस्तू अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच होती, ती म्हणजे सूर्य. आणि तोही लांब असल्यामुळे बचावला. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ मोहाडीच्या तहसील कचेरीत कारकून होते. लग्न केलं नव्हतं. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघं आणि तिसरा त्यांचा शाईचा पेन. मांजरीने दूध सांडलं तर तिच्या पावलांमधलं अंतर टेपने मोजून ते लिहायचे, 'संशयित घटनास्थळी हजर. मिशा ओल्या. विचारणा केली असता म्याव म्हणाली.' खाली शेजारच्या शेवंताबाईंचा अंगठा. एकदा शहापूरला एसटी बंद पडली. मोठेबाबांनी खाली उतरून चाकांची पाहणी केली, नकाशा काढला, आणि कंडक्टरची सही घ्यायला मान वर केली तेव्हा बस दुरुस्त होऊन भंडाऱ्याला पोचलीसुद्धा होती. मग त्यांनी बस नसल्याचा पंचनामा केला.

पण कागदावर खोटं? छे! दरवर्षी कचेरीतून औषधपाण्याच्या सवलतीचा फॉर्म यायचा. त्यात 'स्वतःचे उत्पन्न नसलेल्या अवलंबित व्यक्ती' असा रकाना होता. मोठेबाबा आंघोळ करून तो भरायला बसत आणि माझं एकट्या जिवाचं नाव असं ऐसपैस लिहीत की चार ओळी भरून जात. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना भंडाऱ्यात सकाळी टायपिंग शिकवू लागले, आणि त्या वर्षी पेन रकान्यावर येऊन थांबला.

"माझं नाव काढा ना, मोठेबाबा. मी कमावते आता."

"कमावते म्हंजे अवलंबून नाही, हे कोनं ठरवलं? आधी चौकशी होऊ दे!"

झालं. शेवंताबाई पंच म्हणून पाटावर बसल्या.

"हे पोरगी कोनाच्या घरात राह्यते?" मोठेबाबांनी विचारलं.

"तुमच्या. आता मी इचारू का, भाऊजी? भात कोन रांधते?"

"हेच."

"तुमचा चष्मा कोन हुडकून देते?"

"हेच."

"मांगं ताप आला, त काढा कोनं पाजला?"

मोठेबाबांनी पेनाचं टोपण काढलं.

"मंग कोन कोनावर अवलंबून हाय, ते लिवा ना!"

मी इतकी हसले की आंधळगावपर्यंत ऐकू गेलं असेल. मोठेबाबा हसले नाहीत. त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला, वाचून दाखवला, सही केली. मग पट्टी ठेवून रकान्यावर सरळ रेघ मारली आणि बारीक अक्षरात लिहिलं, 'निरंक.'

"अवो, मी गंमत केली!" शेवंताबाई कळवळल्या. "लिवा पोरीचं नाव. कोन पाह्यते?"

"कागद पाह्यते," मोठेबाबा म्हणाले.

तोवर मी पिशवी उचलली की आतून प्रश्न यायचे, कुठी जाऊन राहिली वो, कोनासंग, कवा येशील. ते त्या दिवसापासून बंद झाले. उत्पन्न असलेल्या माणसाला काय विचारणार? मी सँडलचा पट्टा लावायची, सोडायची, पुन्हा लावायची. आत नुसती वर्तमानपत्राची सळसळ. शेवटी मीच उंबऱ्यावरून ओरडायची, "मोठेबाबा, भंडाऱ्याले जाऊन राहिली, पाचच्या बसने येतो!"

"मी कायी इचारलं का?" असं उत्तर यायचं. पण ते दाराच्या फार जवळून यायचं.