कोपर कमरेला

जगातल्या इतर जावयांना पाहून सासुरवाडीची माणसं हात जोडतात. गोव्यातल्या आमच्या पार्शे गावात माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना पाहून माणसं हात लपवायची. भावोजी मूळचे साखळीचे. पणजीला डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना शरीररचना शिकवतात, त्या विभागात ते शिपाई होते. सांगाडे पुसायचे आणि हाडं ज्या त्या खोक्यात ठेवायची, एवढंच त्यांचं काम. पण भिंतीशी उभं राहून त्यांनी इतकी वर्षं इतकी व्याख्यानं ऐकली होती, की शिकणारी मुलं पास होऊन पांगली आणि विद्या तेवढी भावोजींपाशी राहिली. ती ते बसमध्ये, बाजारात, लग्नाच्या पंक्तीत फुकट वाटत. कुणी सहज हात वर करून हाक मारली, की हे त्याचं कोपर पकडून म्हणत, "असोच रवात! हात आंगापासून पयस गेलो, ह्याका म्हणतत ॲबडक्शन. आतां आंगालागीं घेयात. हां, हां ॲडक्शन." तोवर बस निघून गेलेली असे.

त्यांना पत्ता विचारण्याचं धाडस नवख्यानेच करावं. उजवं-डावं, अलीकडे-पलीकडे हे शब्द त्यांनी केव्हाच सोडले होते. मधल्या रेषेकडचं ते मीडियल, बाहेरच्या अंगाचं ते लॅटरल, मुळाजवळचं प्रॉक्सिमल आणि टोकाकडचं डिस्टल. आमच्या काकांना पेडण्यात एक घर शोधायचं होतं, तर भावोजींनी सांगितलं, "वडाच्या डिस्टल वचात, तळ्याच्या मीडियल बाजूक." काका संध्याकाळी दमून घरी आले. घर सापडलं का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "वड गावलो." लग्नाच्या फोटोतही भावोजी शरीरशास्त्राच्या नेमाप्रमाणे उभे आहेत: मान ताठ, पाय जुळवलेले, हात सरळ खाली आणि तळवे पुढे उघडलेले. वास्तविक त्यांनी सासऱ्याकडून नारळाखेरीज काही घेतलं नाही. पण फोटो पाहणाऱ्याला वाटावं, नवरदेव अजून काहीतरी मागतोय. ताईने तो फोटो कपाटाच्या आत ठेवला होता.

त्या दिवसांत गोव्यात भाषेचा वाद पेटला होता. आमचं गाव बहुतेक मराठीकडचं, भावोजींचे पणजीतले सोबती कोंकणीकडचे, आणि दोन्हीकडे माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली. भावोजींना कुणी बाजू विचारली, की ते गंभीरपणे सांगत, "हाडांक ना कोंकणी कळता, ना मराठी. हाडांची भास लॅटिन." त्यामुळे दोन्ही बाजू त्यांच्यावर सारख्याच चिडत, आणि याचं त्यांना मोठं समाधान होतं.

त्याच वर्षी चतुर्थीच्या सुमाराला आमची आई दारापुढच्या खळ्यातल्या शेवाळावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण तळवा वर वळेना. चूल, केर, भाकरी सगळं ती त्या आडव्या हाताने रेटत होती. एकच गोष्ट होईना. देवळात तिने तीर्थासाठी हात पुढे केला, तर पळीतलं पाणी तळव्यावर न ठरता कोपरापर्यंत ओघळलं. मागची एक बाई हसली. डावा हात पुढे करणं आईला जन्मात जमलं नसतं. तिने दर सोमवारचं देऊळ बंद केलं आणि विचारणाऱ्याला "पाय दुखतत" म्हणून सांगू लागली. मला खरं कारण ठाऊक होतं, आणि त्याचं फार वाईट वाटायचं.

एका रविवारी भावोजी तिला बघायला आले, आणि दुसऱ्या दिवशी भाषेच्या आंदोलकांनी झाडं आडवी टाकून रस्ते अडवले. जावई चांगला आठवडाभर अडकला. हात पाहून त्यांचे डोळे चमकले. "सुपिनेशन गेलां! तळवो वयर करपाचां. येतलां परत, मेहनत करूंक जाय." पण मोठीच अडचण होती. आमच्याकडे सासू जावयासमोर पदर सावरून दाराआड उभी राहायची. जावयाने सासूचा हात धरायचा, हे तर कुणी ऐकलंही नव्हतं. सगळ्या तालुक्याची कोपरं पकडणारा हा माणूस इथे मात्र हात मागे बांधून तीन हात लांब उभा राहिला. आईच्या मुठीत त्यांनी नारळाच्या करवंटीची डवली, म्हणजे लाकडी दांड्याचा डाव, उभी धरायला दिली, आणि ती सावकाश बाहेरच्या अंगाला आडवी करायला सांगितली. आई लबाड, मनगट हलेना, म्हणून सगळा खांदाच कलता करी. मग त्यांनी माझ्याकरवी तिच्या कोपर आणि कमरेच्या मधे घडी घातलेलं वर्तमानपत्र ठेवलं. ते पडलं, की लबाडी पकडली.

"आये, कोपर कमरेक लायात. खांदो फसयता!"

"जावयबापू, तुमचां लॅटिन चुलीत घालात," अर्धी दाराआड उभी असलेली आई म्हणे, आणि पुन्हा डवली उचले.

रस्ते मोकळे झाले, पुढे गोव्याला राज्याचा दर्जाही मिळाला. भावोजींचे रविवार चुकले नाहीत. साखळीहून दोन बस बदलून यायचे, तीन हात लांब उभे राहायचे, ओरडायचे आणि माशाची कढी जेवून परत जायचे. अखेर एका सोमवारी आई आपणहून देवळात निघाली. भटजींनी पळी पुढे केली, तिने हात पुढे केला, आणि पाणी तळव्यावर ठरलं. भटजी म्हणाले, "हात बरो जालो मगो?" आईने तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि आयुष्यात प्रथमच तो शब्द उच्चारला: "सुपिनेशन." आदल्या रविवारी मुद्दाम मुक्कामाला राहिलेले भावोजी खांबाआड डोळे पुसत होते. मी पाहिलं, तर म्हणाले, "धुपाचो धूर."

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी भावोजींची उजवी बाजू लुळी पडली. बोलणं तुटक झालं, हात छातीशी वळून घट्ट बसला. कुणी व्यायामाचं नाव काढलं, की ते भिंतीकडे तोंड करीत. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं आता आपल्याच हाताला ऐकू येत नाही, याची त्यांना लाज वाटत असावी. मी हे आईला सांगितलं. तिने खुंटीवरची पिशवी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही साखळीला गेलो, तेव्हा तिच्या पिशवीत ती जुनी डवली होती.

ती थेट खाटेपाशी गेली. पदर सावरला नाही, खोचला. मग तिने जावयाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, एकेक बोट उघडलं आणि मुठीत डवली दिली. वर्तमानपत्राची घडी तिने स्वतःच त्यांच्या कोपराशी ठेवली.

"जावयबापू, कोपर कमरेक लायात."

भावोजींनी जोर केला. डवली हलली नाही, खांदा तेवढा कलला आणि घडी खाली पडली. "खांदो फसयता," आई म्हणाली. भावोजी अर्ध्या तोंडाने हसले. आईने वाकून घडी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.