नांदगावची एकटी बोरबाग

"सोमवारी जेसीबी येतोय, बाग काढायची ठरली. एकदा बघून जा," असा सुमनताईचा फोन आला आणि शनिवारी सकाळीच मी गंगापूर रोडवरच्या घरातून गाडी बाहेर काढली. सुमनताई माझी मामेबहीण. तिच्या बागेतली झाडन् झाड मामांच्या एकाच बोरीचं. मामा गेले, ती बोरही रस्त्याच्या कामात गेली. त्याआधी ताईने त्या बोरीच्या डोळकाड्या, म्हणजे कलमासाठी डोळे असलेल्या काड्या, आणल्या होत्या आणि दाजींनी माळावरच्या गावठी बोरींवर ते डोळे भरले होते. आता बाग गेली की मामांचं बोर कायमचं संपणार होतं.

नांदगावला जायचं असेल तर निफाड, लासलगाव, मनमाड असं जा. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे रखडाल, पण घाई करू नका. मनमाडला पेट्रोल भरून घ्या, चहाही तिथेच प्या. निफाडला द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चालली होती. आता ते आठवलं की मला द्राक्षाचा हेवा वाटतो. त्याचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, शेजारी कोणी असो वा नसो. मनमाडनंतर हिरवाई विरळ होते, डोंगर धुरकट निळे दिसतात आणि गाडी आपोआप हळू चालते.

ताईने बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवून मी बोरीखाली आडवा झालो. वर बारीक पिवळट फुलांचा आंबूस वास, माशा-मधमाश्यांची एकसुरी गुणगुण. सगळ्या झाडांच्या फांद्या एकाच ढबीने झुकलेल्या. अर्धवट झोपेत वाटलं, एकच झाड माळभर फिरतंय आणि जिथे जिथे थांबलं तिथे तिथे दिसतंय. उठावंसं वाटेना.

"लय फुलतं रे संजू, पण धरत नाय," ताई शेजारी येऊन बसली.

"आधी धरायची ना?"

"तर काय! पाट्या भरून. मग एकाएकी बंद झालं."

दाजी पाण्याचा तांब्या घेऊन आले. "बांधावर चार-पाच गावठी बोरी उरल्या व्हत्या. म्हटलं, त्याबी मामांच्याच करून टाकू. डोळे भरले. तवापासून हे असं."

माझी झोप उडाली. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, पण फळ्यावरचा धडा असा अंगावर कधी आला नव्हता. डोळा भरून केलेली सगळी झाडं जनुकांनी एकच. आणि बोरीच्या पुष्कळ जाती अशा, की आपल्याच खुणेचा पराग आला की फूल त्याला आत घेत नाही. झाडं कितीही असोत, फुलाच्या लेखी परका कोणीच नाही.

मी हे समजावलं तसे दाजी म्हणाले, "म्हंजी सगोत्र सोयरीक. आम्हीच आख्खं गाव एका गोत्राचं करून ठिवलं म्हणा की."

पैज लावण्याइतकी खात्री मला नव्हती. म्हणून आम्ही तिघं झाडन् झाड बघत फिरलो. दाजी कामाचे नेटके. डोळ्याच्या खालून, गावठी खुंटातून, फुटवा आला की लगेच खुडणारे. पण काटेरी कुंपणाआड एका झाडाचा फुटवा त्यांच्या नजरेतून सुटला होता. वाढला होता, फुललाही होता. आणि त्याच झाडाच्या वरच्या, मामांच्या बोरीच्या फांद्यांवर हिरवी, बारीक बोरं लागली होती; परका पराग मिळाला तिथेच.

ताईने त्यांना हात लावला नाही, नुसती बघत राहिली. दाजींनी तिथूनच जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगितलं.

रविवारी डोंगराकडेच्या गावठी बोरींच्या फुललेल्या फांद्या आणल्या आणि पाण्याच्या बादल्यांत घालून बागेत जागोजागी ठेवल्या. अशा फांद्या तोडायला गोधडी अंगावर घेऊनच जा, नाहीतर अंगभर ओरखडे येतात. बोटांत काटे घेऊन मी संध्याकाळी परतलो. गाडी चालवताना कितीदा तरी वाटलं, आपण उगाच आस लावून आलो. नाहीच धरली तर ताईची दुसऱ्यांदा निराशा होईल.

संक्रांतीनंतर तिच्याकडून बोरांची पिशवी आली. फार नाहीत, बादल्यांजवळच्या झाडांवरचीच. पहिलं बोर तोंडात टाकलं. पराग कोणाचाही असो, गर झाडाचाच असतो. चव तंतोतंत मामांच्या बोराची होती. बी मात्र निव्वळ मामांच्या बोरीची नव्हती. तिच्यात मामांच्या बोरीबरोबर डोंगरावरची कोणीतरी होती. ती फेकवेना, खिडकीतल्या कुंडीत खोचली.

ताईला फोन केला. दाजींनी यंदा काही झाडांचा एकेक फुटवा राखलाय, म्हणाली. मग तिला मामा आठवले.

"बाबा कधी एकटे जेवाया बसले नाय रे. वाटंवरच्याला हाक मारून ताटावर बसवायचे. आन् आम्ही मायेनं त्यांच्या बोरीला माळभर एकटीच ठिवली."