सायरनचा सराव

हडपसरला आमच्याच सोसायटीत, वरच्या मजल्यावर आमचा दुसरा फ्लॅट आहे. तो तीन वर्षं आम्ही येमेनहून आलेल्या एका कुटुंबाला भाड्याने दिला होता. नवरा पीएच.डी. करत होता, मुलगी पहिलीत होती. बायको मोडकंतोडकं हिंदी बोलायची आणि मी शाळेतून निवृत्त झालेली म्हणून मला 'टीचर' म्हणायची. रविवारी आम्ही दोघी बसने मंडईत जायचो. घासाघीस ती माझ्यापेक्षा चांगली करायची.

मग सीमेवर तणाव वाढला आणि सरकारने सायरनचा सराव ठरवला. ग्रुपवर नोटीस आली: दुपारी चारला सर्वांनी पार्किंगमध्ये जमावे. लोक हौसेने जमले. कुणी घरून खुर्ची आणली. कुणी विचारलं, चहाचं काय?

सायरन वाजला तेव्हा मी जिना उतरत होते. मुलीला कवटाळून ती वरून अनवाणी धावत आली. माझा दंड धरून तिने मला जिन्याखालच्या कोपऱ्यात खेचलं आणि मुलीवर ओणवी झाली.

"टीचर, मुँह खुला रखो. नहीं तो धमाके से कान फटता है."

"अगं, सिर्फ प्रॅक्टिस है. नोटीस आया था."

"मालूम है," ती म्हणाली. पण उठली नाही. मुलीने न सांगताच तोंड उघडलं होतं.

कुणीतरी आमचं शूटिंग केलं. संध्याकाळी ते ग्रुपवर आलं, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

दुसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं. त्यांच्या बाजारावर बॉम्ब पडला, तेव्हा तिचा भाऊ पाव आणायला गेला होता. त्याला ढिगाऱ्यातून काढायला वडील धावले, शेजारी धावले. विमान वळून परत आलं.

"सब को पता था, वापस आता है," ती म्हणाली. "अब्बा को भी."

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग झाली. अध्यक्ष अगदी सौम्यपणे म्हणाले, "त्यांच्याबद्दल तक्रार काहीच नाही हो. पण दिवस कसे आहेत, आपण पाहताच. परदेशी भाडेकरू नकोत, असं सगळ्यांचं मत पडलं."

पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारी मी. त्या दिवशी मीच गप्प बसले. ह्यांनी ठरावाच्या कागदावर सही केली. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून कागद माझ्याकडे सरकला. मीही केली.

"आपल्याला इथेच राहायचंय," घरी येताना हे म्हणाले. तेही खरंच होतं.

सांगायला मी एकटी वर गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कितने दिन?"

"एक महिना. आराम से."

आठव्या दिवशी ते गेले. भिंतीतली खिळ्यांची भोकंसुद्धा बुजवून गेले. किल्ली द्यायला नवरा आला होता. ती खाली रिक्षात बसून होती. मी गॅलरीतून हात केला. तिने वर पाहिलं नाही.

सीमेवरचं प्रकरण तोवर निवलंही होतं. आता वर आयटीतलं एक जोडपं राहतं. जगात कुठे ना कुठे शहरांवर बॉम्ब पडतच असतात, आणि सकाळी फिरायला गेलं की अध्यक्ष बाकावरून मोबाइल पुढे करतात.

"बघा बाई, काय अचूक नेम आहे."

मी चष्मा घरी राहिल्याचं सांगते आणि चालायला लागते.