यूनानला गेलेल्या वाकळा

परवा लातूरला घरीच बसले होते, तर नातीनं मोबाइल पुढं धरला. कुठल्याशा देशात लढाईनं घरं पडलीत आणि तिथल्या पोरांसाठी ब्लँकेट गोळा करतायत, असं त्यात होतं. मी सहज म्हणाले, आम्हीपण पाठवल्या होत्या गं वाकळा... ती हातातलं सगळं सोडून समोर येऊन बसली. आता मी सांगतेय आणि ती टाइप करतेय.

मोठी लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, संपून दुसरी दिवाळी झाली होती. मी आठ वर्षांची, इथल्याच मुलींच्या शाळेत. राज्य निजामाचं. कापड रेशनवर मिळायचं, एका लुगड्यासाठी बायका सकाळपासून रांगेत उभ्या राहायच्या.

आमच्या हेडबाईंचा भाऊ फौजेत डॉक्टर होता. लढाईनंतर त्याची पलटण ग्रीस देशात होती, तिथून त्यानं पत्र लिहिलं. डोंगरातली गावंच्या गावं जळालीत, लोक पुन्हा घरं उभी करतायत, मोठ्या देशांकडून गहू येतोय, लाकूड येतंय... पण पोरं गवतावर झोपतात, पांघरायला काही नाही. मुंबईहून मदतीची एक बोट जाणार होती. बाईंनी पत्र वर्गात वाचून दाखवलं आणि घरी विचारून यायला सांगितलं.

आई म्हणाली, आपल्यालाच नेसायला नाही, जगाला कुठून देणार? तिचंही खरंच होतं. पण माझी गयाआत्या चुलीपाशी बसून ऐकत होती.

आत्या शिरूर अनंतपाळला दिलेली. लग्नाला दोन वर्षं झाली आणि नवरा तापानं गेला, तेव्हापासून ती आमच्याकडंच. तिनं एवढंच विचारलं, "थंडी लई असती का गं तिथं?" मी सांगितलं, बर्फ पडतो म्हणे. बर्फ आम्ही दोघींनीही कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आत्यानं ट्रंक उघडली. मग गल्लीतल्या बायका जुनेरं घेऊन यायला लागल्या, आईसुद्धा दुपारची टाके घालायला बसू लागली. महिन्याभरात बारा वाकळा झाल्या... तुम्ही गोधड्या म्हणता त्याच. त्यातल्या तीन वाकळांना वरून आत्यानं नवे कोरे खण लावले. तिच्या लग्नातले, कधी शिवलेच नाहीत असे. आई नको नको म्हणत होती. आत्या म्हणाली, परक्याच्या लेकराला सगळंच फाटकं कसं द्यायचं?

हेडबाई, आत्या आणि मी टांग्यातून गठ्ठे घेऊन स्टेशनवर गेलो. छोटी गाडी बार्शीकडं जायची, तिथं इंग्रजांचा मुलूख लागायचा. त्यामुळं राज्याबाहेर जाणारा माल आधी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर तपासत. नाक्यावरच्या साहेबांना सगळे खानसाहेब म्हणत. पांढरी दाढी, डोळ्यांवर चष्मा, आवाज कधी चढायचा नाही.

त्यांनी एकेक वाकळ उलगडून पाहिली. जुनं कापड न्यायला हरकत नव्हती, नवं कापड मात्र राज्याबाहेर न्यायला बंदी. ते खण त्यांच्या हाताला लागले आणि त्यांनी मान हलवली. एकतर खण उसवा, नाहीतर या तीन वाकळा इथंच ठेवा म्हणाले, आणि गठ्ठे कुणाचे म्हणून बाईंचं नाव लिहायला घेतलं. बाईंची सरकारी नोकरी... त्यांचा चेहराच उतरला.

आत्या पुढं झाली. "उसवा साहेब. पण आत निस्त्या चिंध्या हायेत. वरचा खण गेला तर एका धुण्यात वाकळ ऱ्हायची न्हाई."

खानसाहेबांनी विचारलं, एवढं जातंय तरी कुठं? ग्रीसला, बाई म्हणाल्या. त्यांना नाव कळेना. बाईंनी सांगितलं, उर्दूत त्याला यूनान म्हणतात.

खानसाहेबांनी टाक खाली ठेवला. "यूनान? अपने हकीमसाब का यूनान?"

त्यांच्या आईला दम्याचा त्रास होता. कितीतरी वर्षं ती यूनानी दवेवरच तगून आहे, असं त्यांनीच सांगितलं. मग हळूच विचारलं, तो मुलूख जळाला? बाईंनी मान डोलावली.

मग ते माझ्याकडं वळले. "बेटी, खाना खाया?"

मी हो म्हटलं.

"तो अब थोडा सो जाओ."

आम्हाला काही कळेना. तोवर त्यांनी आपल्या खोलीतली सतरंजी लिंबाखाली अंथरली, तिच्यावर दोन खणाच्या वाकळा घातल्या आणि तिसरी पांघरायला ठेवली. ज्यात लेकरू झोपलं ते कापड वापरलेलं, नवं कसं राहील? मी तसंच लिहिणार, म्हणाले. आत्यानं पदर तोंडाला लावला. हसत होती का रडत होती, देव जाणे.

मी नुसते डोळे मिटायचे ठरवले होते. पण थंडीतलं दुपारचं ऊन, त्या वाकळांची ऊब... मला खरंच झोप लागली.

जागी झाले तेव्हा गाडी निघून गेली होती. अंगाखाली फक्त सतरंजी. आत्या पदरानं माश्या वारत होती. पोरीला उठवू नका असं खानसाहेबांनी बजावलं होतं म्हणे, आणि वाकळा त्यांनी स्वतः हळूहळू ओढून काढल्या होत्या.

पुढं दोन वर्षांत इथं हिंदू-मुसलमानांत वैर पेटलं, फार वाईट दिवस आले, मग निजामाचं राज्यही गेलं. खानसाहेब आईला घेऊन हैदराबादला निघाले, तेव्हा गल्लीतून स्टेशनवर गेली ती एकटी आत्या. त्यांच्या आईसाठी तिनं एक वाकळ नेली होती. खानसाहेब पुन्हा कधी दिसले नाहीत.

यूनानहून पोच आली नाही. वाकळा पोचल्या का, कुणाच्या घरी गेल्या, काहीच कळलं नाही. नात विचारते, वाईट नाही वाटलं? नाही गं...

ती लेकरं आता माझ्यासारखीच म्हातारी झाली असतील. त्यांना कुठून ठाऊक असणार, पण त्या वाकळांत त्यांच्या आधी मी झोपले होते... आणि फार गाढ झोपले होते.