सुखदेवची ‘उठलेली’ माणसं

सुखदेव गेल्याचं त्याच्या मुलीनं, नंदानं, फोनवर सांगितलं. “काका, बाबा गेले सकाळी,” एवढंच म्हणाली. मी “येतो” म्हणालो आणि गेलो नाही. गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं कारण माझ्या कपाटातल्या लोखंडी पेटीत होतं. त्या पेटीत सुखदेवच्या हस्ताक्षरातल्या तीन वह्या होत्या, आणि त्या माझ्याकडे आहेत हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

आम्ही दोघं केनवडजवळच्या एका लहान गावातले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. माझं घर शेतकऱ्याचं, बऱ्यापैकी जमीन असलेलं. सुखदेवच्या वडिलांनी छप्पन सालानंतर धम्म स्वीकारलेला, ते मजुरी करायचे आणि पोराला शिकवायचं एवढंच बोलायचे. आमच्या घरी सुखदेव ओसरीच्या आत येत नसे. मी मात्र शाळा सुटली की त्याच्या घरी चुलीपाशी बसून गरम भाकरी आणि ठेचा खायचो. त्याची आई, सखूमाय, त्याच्यासारखंच मलाही ‘बाबू’ म्हणायची. आम्ही चौथीत असताना तिच्या अंगावर चट्टे दिसले. महारोग निघाला. तिला अमरावतीच्या बाजूला दवाखान्यात नेऊन सोडलं, आणि गाव तिच्याविषयी बोलायचंच बंद झालं. पुढे हायस्कुलात मास्तरांनी घरची माहिती विचारली तेव्हा सुखदेव उभा राहून म्हणाला, “आई मेली.” मी शेजारीच बसलो होतो. मी काही बोललो नाही.

पुढे तो केनवडला शिक्षक झाला आणि मी मंगरूळपीरला सरकारी कचेरीत कारकून. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. एका शनिवारी दुपारी गावी जायला मी मंगरूळपीरहून वाशीमच्या एसटीत बसलो. शेजारी एक बाई येऊन बसली. हातात गाठोडं, पायांत टायरच्या चपला, बोटं आखडलेली, भुवया झडलेल्या. मी तिला पहिल्या नजरेत ओळखलं. तिनंही मला निरखलं आणि हसली. “ओळखलं नाई का रे बाबू मले?”

“नाही,” मी म्हणालो.

तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. “बरी झाली मी. डाक्टरनं लिहून देल्लं, पाह्य. घरी जाऊन राह्यली.” मी खिडकीबाहेर बघत राहिलो. वाशीमच्या स्टँडवर उतरलो, आणि ती ज्या एसटीत चढली ती एसटी मी मुद्दाम सोडली. तिच्यासोबत गावात उतरताना कोणी मला पाहू नये म्हणून. त्या दिवशी मी गावी गेलोच नाही.

सखूमाय घरी आली, पण गावानं तिला घेतलं नाही. बाया वाट सोडून बाजूला व्हायच्या, विहिरीवर ती आली की बादल्या उचलून निघून जायच्या. भावकीतली पोरं ती दिसली की दारं लावून घ्यायची. सुखदेवनं मागच्या बाजूला तिला एक खोली बांधून दिली. त्याच वर्षी त्यानं लिहायला घेतलं. मी एकदा त्याच्याकडे गेलो तर सुट्टीच्या दिवशी भर दुपारी घामाघूम होऊन तो वहीत डोकं घालून बसलेला.

“सुखदेव, काय लिहून राह्यला?”

“कादंबरी. पोराईसाठी. मेलेले माणसं उठून गावात येतात.”

“भुताची?”

“भुतं नाई रे. भुताईले पाय उलटे असतात, याईचे सरळ हायेत. फक्त चालता येत नाई धड. केसांत माती, बोटं झडलेली. दिवसाउजेडी येतात अन् आपापल्या घराचं दार वाजवतात. कोणाले चावत नाई, खात नाई. त्याईले फक्त घरात यायचं हाये. अन् गाव समजते का त्याईनं हात लावला तर आपुनबी मरू.”

“हे पोराईले कायले सांगतं? मोठ्यांसाठी लिही.”

तो हसला. “मोठे वाचत नाईत, अन् वाचलं तरी दार उघडत नाईत. तेरा-चौदाचं पोरगं भुताची गोष्ट म्हटलं का वाचतेच. अन् कडी काढाचं काम त्याईचंच हाये.”

आता माझा नातू मोबाइलवर असलं काही पाहतो, त्याला झॉम्बी म्हणतात म्हणे. सुखदेवला तो शब्द माहीत नव्हता. तो त्यांना ‘उठलेले’ म्हणायचा.

वर्षभरानं त्यानं तीन वह्या माझ्या हातात ठेवल्या. माझ्या मेहुण्याची अकोल्यात एका प्रकाशकाशी ओळख होती. “तू वाच अन् पोचव,” म्हणाला. वह्यांची दुसरी प्रत नव्हती. मी खोलीवर येऊन वाचायला घेतलं आणि उठवेना. खरंच सांगतो, भीतीही वाटत होती आणि रडूही येत होतं… दुसऱ्या वहीच्या शेवटी एक प्रसंग होता. एसटीतून एक उठलेली बाई उतरते. समोर चौदा वर्षांचा पोरगा उभा असतो. ती म्हणते, “ओळखलं नाई का रे बाबू मले?” आणि पोरगा म्हणतो, “नाही.”

मी वही मिटली. सखूमायनं त्याला सांगितलं होतं तर. आणि त्यानं ते लिहिलं होतं, आणि ते छापून येणार होतं, आणि माझ्या हातानंच ते प्रकाशकाकडे जाणार होतं. पुढची वही मी उघडलीच नाही.

दोन महिन्यांनी सुखदेवला भेटून मी सांगितलं, प्रकाशक नाही म्हणाले, मुलांना झेपणार नाही असं त्यांचं मत पडलं.

“अन् वह्या?”

“त्यांच्याकडून हरवल्या.”

तो म्हणाला, “जाऊ दे. तू तरी काय करशील.” उलट मलाच चहा पाजला. त्यानंतर त्यानं कादंबरी लिहिली नाही. शाळेत दर शनिवारी मुलांना ती गोष्ट तोंडी सांगायचा, एवढंच. सखूमाय त्यानंतर दोन-अडीच वर्षांत वारली. मी अंत्यविधीला गेलो होतो, आणि लोक मला म्हणाले, चांगला दोस्त आहेस. पुढची सगळी वर्षं मी त्याचा चांगला दोस्तच होतो. लग्नकार्यात पुढे, आजारपणात पुढे. वह्या परत देण्याचं धाडस मात्र झालं नाही. दर वर्षी ते अवघड होत गेलं.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी गावी सुखदेवच्या घरी गेलो. नंदासमोर वह्या ठेवल्या आणि एसटीपासून सगळं सांगितलं. ती पानं चाळत होती. डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा होता.

“काका, हे पोरगं तुमी नाई.”

“म्हणजे?”

“बाबा हायेत ते. आजी येणार म्हून तिचं पत्र आलं होतं. बाबा फाट्यावर घ्याले गेले. ती उतरली तं त्याईच्या तोंडून ‘नाही’ निंगलं, चार लोकं उभे होते म्हून. आमाले कितीक डाव सांगितलं त्याईनं, वर्गातल्या पोराईलेबी सांगत. आजीनं तुमचं नाव कधी घेतलं नाई. कोणापाशीच नाई.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. सखूमायनं एकाच दिवशी दोघांना तेच विचारलं होतं आणि दोघांकडून तेच ऐकलं होतं. सुखदेवनं ते लिहून, सांगून उजेडात ठेवलं. आणि मी माझी लाज झाकायला त्याची लाज पेटीत घातली, त्याच्या पुस्तकासकट.

“तिसरी वाचली का तुमी?” नंदानं विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. तिनं वही माझ्यापुढे केली. “वाचा. मोठ्यानं.”

मी वाचलं. पोरगा ‘नाही’ म्हणतो, बाई गाठोडं उचलून गावाकडे चालू लागते. ती ओढ्यापर्यंत पोचते तेव्हा पोरगा पळत सुटतो. तिला गाठतो, गाठोडं डोक्यावर घेतो आणि तिचा हात धरून सगळ्या गावादेखत मधल्या रस्त्यानं घरी नेतो… तिथं मी वही खाली ठेवली. “खरंच नेलं होतं त्याईनं,” नंदा म्हणाली.

निघताना मी म्हणालो, पुस्तक आता मी छापून आणतो. तिनं वह्या उचलून आपल्याकडे ठेवल्या. “पुस्तकाचं आमी पाहू. तुमी पयले हे लिहा, का वह्या हरवल्या नवत्या. पेपरात लिहा.”

“घरी जाऊन लिहितो.”

“घरी नाई,” ती म्हणाली. “इथंच बसा.”

म्हणून हे सुखदेवच्या खोलीत, खिडकीखालच्या त्याच्या टेबलाशी बसून लिहितो आहे. काचेखाली वर्गांचे जुने फोटो आहेत, दौतीचा डाग आहे, कडेला त्याच्या कोपरानं लाकूड गुळगुळीत झालं आहे. नंदा समोर गहू निवडत बसली आहे. माझा हात थांबला, की ती वर बघते.